मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर?

शके ७७५, म्हणजे इसवी सन ८५३ च्या आसपासची गोष्ट. गौड देशातून, आजच्या बंगालच्या बाजूने, गोमिन अविघ्नाकर नावाचा एक बौद्ध उपासक उत्तर कोकणात आला. इथे तेव्हा राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून शिलाहार कपर्दी राज्य करत होता. अविघ्नाकर कृष्णगिरीवर, म्हणजे आपल्या कान्हेरीवर गेला. जागा त्याच्या मनात भरली असावी, कारण भिक्षूंना ध्यानाला बसता येईल अशी घरे त्याने तिथे करवून घेतली आणि शंभर द्रम्म नाण्यांची कायमची ठेव ठेवली. तिच्या व्याजातून तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यालत्त्याची सोय व्हायची होती. हा व्यवहार लेण्यात कोरून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. बोरिवलीच्या रानातल्या मुक्कामासाठी परमुलुखातल्या माणसाने पैसे गुंतवल्याची नोंद अशी साडेअकराशे वर्षांहून जुनी निघते.

जंगलात राहण्याची सोय कशी असावी, हे पाहायचे असेल तर कान्हेरीइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही. शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि चैत्य, मूर्ती, स्तूप यांच्याकडे पाहण्याच्या नादात आपण विसरतो की त्यांतली बहुतेक राहण्याच्या खोल्या आहेत. एखाद्या साध्या विहारात शिरून पाहा. चार पायऱ्या, छोटी ओसरी, मागे चौकोनी दालन, त्याला लागून निजायची खोली आणि तिच्या भिंतीलगत दगडातच सोडलेला ओटा. हा पलंग. दाराच्या वर-खाली लाकडी चौकट बसवायच्या खाचा. ओसरीच्या एका अंगाला, जमिनीखाली कोरलेली पाण्याची पोढी. वर डोंगराच्या उतारावर पन्हळी खोदलेल्या आहेत, त्या पावसाचे पाणी वळवून पोढीत सोडतात. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचे पाणी. बांधकाम असे नाहीच, सगळे कोरून काढलेले. लाकूड लागले ते चौकटीपुरते. अकरा क्रमांकाच्या 'दरबार' लेण्यात दोन लांबलचक बुटके दगडी ओटे समोरासमोर आहेत. तिथे भिक्षू एकत्र बसत असावेत.

पण पोट? ते गावावर होते. कान्हेरीच्या लेखांत दान देणारे व्यापारी, सोनार, गृहस्थ भेटतात ते कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे. सोपारा आणि कल्याण ही दोन बंदरे, आणि कान्हेरी त्यांच्या मधोमध. निजायला रान, जेवायला गाव. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेवी, त्या ठेवींचे व्याज, सगळा हिशेब बाजारपेठेच्या जोरावर चाललेला. बाजार दूर पडला असता तर हे शहर डोंगरात उभे राहिलेच नसते.

आणखी एक गंमत. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी भाषेतले काही लेख आहेत. पारशी मंडळी इथे येऊन गेली आणि नावे कोरून गेली. वर्षे १००९ आणि १०२१. तारखा लावल्या तर महिने निघतात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. भिंतींवर नाव लिहायची खोड किती जुनी, हा भाग सोडून द्या; पण फिरायचा मोसम त्यांनी अचूक निवडला होता. पाऊस नुकताच सरलेला, ओढ्यांना अजून पाणी, गवत माणसाच्या छातीला. आजही कान्हेरीभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचे तर तेच दिवस.

आता सरळ प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रीय उद्यान पाहायला जायचे तर आत, वन विभागाच्या विश्रामगृहात किंवा तंबूत राहावे, की बाहेर गावात खोली घ्यावी? पर्यटकांची पुस्तके याचे उत्तर आवडीनिवडीवर सोडतात: शांतता हवी असेल तर आत, सुखसोयी हव्या असतील तर बाहेर. मला हे उत्तर आळशी वाटते. आत राहून विकत काय मिळते, तर वेळ. सूर्य उगवायच्या आधीचा एक तास आणि मावळल्यानंतरचा एक तास. जंगलातली कितीतरी सस्तन जनावरे याच दोन तासांत अधिक हलतात. फाटक उघडायच्या वेळी तुम्ही चाळीस किलोमीटर दूर असाल तर तो तास तुमच्या हातून गेला, मग खोलीत वातानुकूलन असो की चांदीचे ताट. तेव्हा पहिला हिशेब अंतराचा करावा. आणि दुसरा, आपण तिथे निजल्याने रानाला काय भोगावे लागते याचा. बोरिवलीला हे दोन्ही हिशेब एकाच बाजूला झुकतात.

अंतराचे आधी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले आहे. पश्चिमेला दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे. उत्तरेला घोडबंदर आणि खाडीपलीकडचा नागला भाग. ते टिकून राहिले ते मुख्यतः पाण्यामुळे. शहराची तहान भागवायला १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधून झाले, आणि तलावात पाणी हवे तर भोवतीचे रान शाबूत ठेवावे लागते, हे त्या काळच्या साहेबालाही कळले. पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा, नामांतरे वगैरे झाली. उपनगरातला माणूस मात्र अजून 'नॅशनल पार्क' एवढेच म्हणतो.

या नॅशनल पार्कच्या दारात लोकल येते, असे म्हटले तरी चालेल. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून मुख्य फाटकाशी चालत पोचता येते. अंधेरी पूर्व ते दहिसर पूर्व धावणाऱ्या मेट्रो ७ चे तर एक स्थानकच 'राष्ट्रीय उद्यान' नावाचे आहे. घाटकोपरहून निघालेल्या माणसाने मेट्रो १ धरावी, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकावर उतरून पुलावरून गुंदवलीला जावे आणि तिथून मेट्रो ७. रस्त्यावर पाय न ठेवता तो बिबट्यांच्या रानाच्या कुंपणाशी उतरतो. जगात फार थोड्या राष्ट्रीय उद्यानांना ही चैन आहे. पहाटे फिरायला येणाऱ्या पासधारकांना तर फाटक सर्वसाधारण पाहुण्यांच्या आधी उघडते. बोरिवलीचे निवृत्त बँकवाले, गुडघ्याला पट्टा बांधलेले आजोबा आणि योगासनांचे गट तो मोलाचा तास रोज उपभोगतात आणि साडेसातला इडली खायला घरी जातात.

मग आत राहून अधिक काय मिळवायचे? अंधार पडल्यावर पाहुण्याला विश्रामगृहाच्या आवाराबाहेर हिंडता येत नाही, आणि येऊही नये. रात्री ऐकायला मिळते खरे. रातव्याची लयीत चाललेली ठकठक, घुबड, पावसाळ्याच्या तोंडाशी बेडकांचा कल्ला, मध्येच चितळाची एकदम फुटलेली तीक्ष्ण हाक आणि तिच्यानंतरची स्तब्धता. ज्याने ही हाक कधी ऐकली नाही त्याने एक रात्र जरूर काढावी, त्यात गैर काही नाही. शाळेच्या मुलांना निसर्ग शिबिरासाठी तंबूत झोपवणे हे तर मी पुण्यकर्म समजतो. पण दर शनिवारी मित्रांचे टोळके घेऊन, स्पीकर पिशवीत लपवून 'नेचर स्टे'ला जाणाऱ्यांनी मुक्काम बोरिवलीत करावा. तिथे हॉटेले आहेत, वडापाव आहे, आणि गोंगाटाची कोणाला नवलाई नाही.

दुसरा हिशेब बिबट्याचा. २०१५ मध्ये कॅमेरा सापळे लावून मोजदाद झाली तेव्हा उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले; २०१८ च्या मोजणीत ४७. एवढ्याशा जागेत इतके बिबटे म्हणजे घनता देशातल्या नामांकित जंगलांच्या वरताण. कारण? आत चितळ, सांबर, वानरे आहेतच, पण कडेला शहर आहे, शहराचा कचरा आहे, कचऱ्यावर पोसलेली कुत्री आणि डुकरे आहेत. बिबट्या रात्री कुंपणापाशी येतो तो या भटक्या कुत्र्यांसाठी. माणसाला टाळण्यात तो इतका तरबेज आहे की टॉवरच्या आवारात त्याची चाहूल रखवालदाराला लागत नाही, सीसीटीव्हीला लागते. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर चित्रफीत फिरते आणि 'पार्क फेसिंग' म्हणून दोन पैसे जास्त मोजून घेतलेल्या घराच्या बाल्कनीत चर्चा सुरू होते की आता वन विभाग करतोय काय.

वन विभागाने एके काळी जे केले त्याची फळे कडू होती. या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची पद्धत होती. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी या प्रकाराचा अभ्यास केला तेव्हा दिसले की पकडून परक्या मुलखात सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढतात. बिबट्याला आपले पाणवठे, आपल्या वाटा, शेजारचे नर-मादी यांची माहिती असते; ती हिरावली की बिथरलेले जनावर जिथे नको तिथे भेटते. बोरिवलीच्या भोवती २००२ ते २००४ ही वर्षे फार वाईट गेली, आणि जून २००४ तर सर्वांत भीषण. लोक म्हणत होते, बिबटे शहरात घुसले. वस्तुतः त्यामागे ही पकडून सोडण्याची पद्धतही असावी. पुढे २०११ मध्ये 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला तेव्हा त्यातल्या अभ्यासकांनी आणि वन अधिकाऱ्यांनी शेजाऱ्यांना शिकवले ते फार साधे होते: कचरा उघडा टाकू नका, मुलांना काळोखात एकटे सोडू नका, उघड्यावर बसायला जाताना सोबत आणि बॅटरी घ्या, बिबट्या दिसला तर गर्दी करून त्याला कोंडू नका.

या यादीतली तिसरी सूचना पुन्हा वाचा. उघड्यावर बसणे. फाटकाच्या आत राहणाऱ्या पाहुण्याच्या खोलीला शौचालय असते. पिढ्यान् पिढ्या आत राहणाऱ्या पाड्यांतल्या कितीतरी घरांना नव्हते. हल्ल्यांत बळी पडलेल्यांत अशा वेळी बाहेर गेलेली माणसे आणि मुले होती. 'आत राहावे की बाहेर' हा प्रश्न पर्यटकाच्या तोंडी हौसेचा आहे, पाड्यावरच्या बाईच्या तोंडी जिवाचा.

नवापाडा, चिंचपाडा, येऊरकडचा पाटोणापाडा. या पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कोकणा, काही ठिकाणी कातकरी कुटुंबे राहतात. उद्यान त्यांच्या अंगणात आले, ते उद्यानात आले नाहीत. वाघोबाचे ठाणे पाड्याच्या वेशीला असते, शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ. वर्षातून एकदा त्याला मान द्यायचा आणि त्याने गुरे-लेकरे सांभाळायची, असा जुना करार. या कराराला कोणत्याही खात्याची मोहोर नाही, पण बिबट्याशेजारी राहण्याची रीत त्यात आहे. फाटकाबाहेर टोपली घेऊन बसणारी बाई आणि तिच्या टोपलीतली मे महिन्यातली करवंदे, जांभळे, पावसाळ्यातली काकडी बहुधा याच बाजूची. पळसाच्या पानावर मीठ-तिखट घालून ती देते. आत मुक्काम केलात तरी बाहेर येऊन तिच्याकडून घ्या.

पाड्यांखेरीज दुसरी वस्ती होती, आणि ती पर्यटकांच्या कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. शहरात कामाला आलेल्या, भाडे न परवडणाऱ्या माणसांनी उद्यानाच्या कडेने झोपड्या बांधल्या. कुरार, आप्पापाडा, मुलुंड-भांडुपच्या टेकड्या. या माणसांनी गावात खोली घ्यायची की जंगलात, असा विचार केला नव्हता. गावात खोली नव्हती एवढेच. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश आला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असलेल्यांना पर्यायी जागा मिळणार होती, त्यासाठी ७,००० रुपये भरायचे होते. पहिली जागा दाखवली ती कल्याणजवळच्या शिरढोणची. ज्याचे काम मालाडच्या घरांत धुण्याभांड्याचे किंवा कांदिवलीच्या नाक्यावर मजुरीचे, त्याला शिरढोण काय कामाचे? लोकांनी नकार दिला. निवारा हक्क सुरक्षा समितीने हा प्रश्न लावून धरला आणि पुढे चांदिवलीला, एका जुन्या दगडखाणीच्या जागेवर, संघर्षनगर उभे राहिले. हजारो कुटुंबे तिथे गेली. बाकीच्यांचे भिजत घोंगडे अजून वाळलेले नाही.

जंगल वाचवायला ही घरे हटवावीच लागली असती, असे मी मानतो. मात्र ज्या बुलडोझरने झोपडी पाडली तोच येऊरच्या बंगल्यापाशी आल्यावर इतका विचारी का होतो, हे विचारायला हरकत नाही.

येऊर हा या प्रश्नाचा खरा अवघड पेपर. ठाण्याच्या बाजूने डोंगर चढून गेले की वायुदलाचे केंद्र, आदिवासी पाडे आणि त्यांच्यामध्ये फार्महाऊस, धाबे, हॉटेले, प्रकाशझोतात खेळायची मैदाने. उद्यानाच्या हद्दीला लागून, काही ठिकाणी हद्दीच्या वादात. इथे राहणारा पाहुणा समजतो की आपण जंगलात राहिलो. खरे तर त्याने जंगलाच्या कडेला दिवा लावून ठेवला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित केले. त्यात काय बांधता येईल आणि काय नाही याचे नियम आहेत. पण कागदावर नियम आणि डोंगरावर डीजे, अशी स्थिती ठाणेकर दर पावसाळ्यात पाहतात. मुलुंडचा किंवा ठाण्याचा माणूस सहकुटुंब 'येऊरला रात्र काढूया' म्हणतो तेव्हा त्याने आधी एवढे पाहावे: जागा अधिकृत आहे का, रात्री दिवे आणि आवाज बंद होतात का, उष्टे-खरकटे कुठे जाते. खरकट्यावर कुत्रा येतो, आणि कुत्र्यामागून कोण, ते वर सांगितले आहे.

बोरिवलीचे उत्तर मात्र उचलून साऱ्या महाराष्ट्राला लावू नका. मेळघाटात गणित उलटे होते. चिखलदरा हे थंड हवेचे गाव. हॉटेले, बाजार, 'पॉइंट' सगळे तिथे. पण व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात असलेले सेमाडोह किंवा सिपना नदीकाठचे कोलकास तिथून घाटवळणांनी बरेच दूर. चिखलदऱ्याला राहून मेळघाट पाहणे म्हणजे दुधाची तहान ताकावर. कोलकासच्या विश्रामगृहात खाली नदी वळण घेते, समोर सागवान, रात्री दूर कुठे कोरकू गावातली ढोलकी. तिथे आतच राहावे. भंडारा-गोंदिया भागातल्या नागझिऱ्यालाही हेच म्हणेन: तळ्याकाठची 'निलय', 'मधुकुंज', 'लताकुंज' ही विश्रामगृहे विजेविना चालायची, आणि ज्यांनी ती तशी पाहिली त्यांना त्या अंधाराचे अजून अप्रूप आहे. वीज नसणे ही उणीव नसून त्या जागेची खरी सोय होती. दिवा नसला की माणूस आपोआप हळू बोलतो.

ताडोब्याचे उत्तर मधले. चंद्रपूर शहरात राहिलात तर पहाटे कुडकुडत मोहर्लीच्या फाटकापर्यंतचा रस्ता कापावा लागतो. पूर्वी लोक आत तळ्यापाशी राहत. आता बहुतेक मुक्काम मोहर्ली, कोलारा या फाटकांवरच्या गावांत होतात. जिप्सीचा चालक, वाटाड्या, रिसॉर्टमध्ये भाकरी थापणारी बाई हे त्या गावांतलेच असले तर पैसा गावात राहतो, आणि वाघ जिवंत राहण्यात गावाचा स्वार्थ निर्माण होतो. पण सगळी जमीन बाहेरच्या मालकाची आणि गावकऱ्याच्या वाट्याला फक्त रखवालदाराची काठी, असे झाले की तो स्वार्थ संपतो. खोली ठरवताना हे विचारायला लाजू नका. हॉटेलवाला उत्तर देताना अडखळला तर तेच उत्तर समजावे.

या बदलामागे कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीने असे घातले गेले की अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात व्यापारी हॉटेले, पर्यटक निवास बांधायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची आधी मंजुरी लागते. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते बंदच केले आणि देशभरचे हॉटेलवाले हवालदिल झाले. १६ ऑक्टोबरला बंदी उठली, पण नवे निर्देश सोबत आले: गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन, आत नव्या कायमस्वरूपी सोयी नाहीत, असलेल्या हळूहळू काढत न्यायच्या. त्याच वर्षी नेपाळने चितवनच्या राष्ट्रीय उद्यानातली आतली हॉटेले बंद केली. त्यांत १९६० च्या दशकापासून चाललेले टायगर टॉप्ससारखे जगप्रसिद्ध नाव होते. आता पाहुणे नदीच्या अलीकडे, सौराहा गावात राहतात आणि सकाळी होडीने पलीकडे जातात.

अमेरिकेत वारे वेगळे वाहिले. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन, १८७२ चे. तिथे १९०४ मध्ये प्रसिद्ध उष्ण कारंज्याच्या शेजारीच ओंडक्यांचे प्रचंड हॉटेल बांधले, आणि आजही पहिली पसंती आतल्या खोल्यांनाच. अफाट उद्यानात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तास न् तास लागतात, म्हणून तिथे ते शोभते. आफ्रिकेतल्या क्रुगरने तिसरी वाट काढली: आत तळ आहेत, पण तळाला कुंपण, आणि सूर्य मावळला की तळाचे दार बंद. माणसे पिंजऱ्यात, जनावरे मोकळी. मला ही व्यवस्था सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

आपल्या उद्यानाखालून मात्र आता शहरच जाऊ पाहते आहे. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे काम सुरू आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही डोंगराच्या पोटातून जातील. मुलुंडचा माणूस बोरिवलीच्या फाटकाशी आजच्यापेक्षा पुष्कळ लवकर पोचेल, आणि अंतराचा पहिला हिशेब आणखी बाहेरच्या बाजूला झुकेल.

तेव्हा उपनगरातल्या कुटुंबाने असे करावे. सोमवार टाळा, त्या दिवशी उद्यान बंद असते. महाशिवरात्रीलाही टाळा, कान्हेरीला त्या दिवशी जत्रेची गर्दी लोटते. आपल्या घरीच निजा, किंवा गावाहून आलेल्या पाहुण्यांची सोय बोरिवलीत करा. फाटक उघडताच आत शिरा. कान्हेरी मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. आधी तिथे जा, उन्हे चढायच्या आत वरची लेणी पाहून घ्या, आणि परतीच्या वाहनाची वेळ जातानाच विचारून ठेवा. शिलोंढ्याच्या वाटेसारख्या पायवाटांवर जायचे तर परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. मुलांसाठी तो पुस्तकापेक्षा बरा. डबा न्या, पण प्लास्टिक नको, आणि वानरासमोर तो उघडू नका. संध्याकाळी पहारेकऱ्याची शिट्टी वाजली की 'अजून पाच मिनिटं हो' म्हणत रेंगाळू नका. त्यालाही पाड्यावर घरी जायचे असते, आणि त्याची वाट अंधारातून जाते.